बारीक अंगाचा फसवा दिलासा

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबानं काढलेला वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा होता: 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्यात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त.

‘अंगानं किती बारीक आहे, याला कुठून आली शुगर?’ हा प्रश्न आपल्या घरांमधून सर्रास ऐकू येतो. त्याचं उत्तर त्या दोन आकड्यांमध्ये आहे. हातापायांच्या काड्या असतात, खांदे उतरलेले असतात, वजनाचा काटा निर्धोक आकडा दाखवतो आणि पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठत जाते. साखर वापरणारं मोठं यंत्र म्हणजे स्नायू. तेच आपल्यात कमी भरतात.

याची सुरुवात आईच्या पोटात होते, हे पुण्याजवळच्या सहा गावांनी जगाला दाखवलं. तिथे 1993 साली गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. या बायका शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन जेमतेम 42 किलो. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं लहान होती, पण सगळ्या बाजूंनी सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले, पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकलेली. ज्या आया गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा घेत होत्या त्यांची बाळं अंगानं चांगली होती, आणि ज्यांना कष्टाची कामं जास्त पडत होती त्यांची बाळं लहान होती. यातल्या सुमारे दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. बी-12 कमी आणि फोलेट भरपूर, अशा आयांच्या मुलांच्या शरीरात वयाच्या सहाव्या वर्षीच इन्सुलिनला विरोध सर्वाधिक दिसला. बी-12 वनस्पतींमधून मिळत नाही. त्यामुळे पूर्ण शाकाहारी घरात, जिथे दूधही चहापुरतंच येतं, तिथे ते कमी पडणारच.

मग मूल जन्माला येतं आणि त्याला गुटगुटीत करायची घाई सुरू होते. दिल्लीत जन्मापासून तारुण्यापर्यंत पाहिलेल्या मुलांचे निष्कर्ष 2004 सालीच प्रसिद्ध झाले. पुढे ज्यांची साखर बिघडली ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते, नंतर त्यांचा बीएमआय वेगानं चढत गेला, आणि तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यातलं कुणीही लठ्ठ नव्हतं. त्या वयात कोणत्याही आईला शंका आली नसती. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे घरचं अन्न मिळावं. मूल नाही म्हणालं की थांबावं. त्याहून अधिक भरवण्यात माया असेल, फायदा नाही.

माझ्या मते या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे तेरा ते एकोणीस वर्षांची मुलगी. हाडं आणि स्नायू भरून यायचा हा काळ, आणि नेमकं याच वयात तिच्या दिसण्यावर सगळ्यांचं लक्ष जातं. ती सडपातळ आहे म्हणून तिचं कौतुक होतं, जरा भरली की टोमणे सुरू होतात. सकाळी उपाशी क्लासला जाणं, दुपारी वडापाव, रात्री ‘भूक नाही’. घरात अंडी आणली तर ती आधी भावाला, हे शहरातही पुरतं संपलेलं नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हीच मुलगी उद्याची आई. तिला लग्न ठरल्यावर किंवा दिवस राहिल्यावर गोळ्या देऊन भागत नाही. सहा गावांचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या संशोधकांनी पुढे किशोरवयातल्या मुलामुलींनाच बी-12 देऊन पुढच्या पिढीवर त्याचा परिणाम पाहण्याचा प्रयोग हाती घेतला, तो याच विचारानं.

तिशी-चाळिशीत खुर्चीवरची नोकरी, रात्रीचं उशिरा जेवण आणि सुटलेलं पोट. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. वजन न वाढताही हे होतं, म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप उपयोगी. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर, स्त्रियांना 80, आणि बीएमआय 23 च्या पुढे गेला की वजन जास्त धरायचं. चालणं चांगलंच, पण तेवढंच पुरेसं नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना जोर पडेल असं काही हवं: जोर-बैठका, पायऱ्या, पाण्याची कळशी, काहीही.

साठीनंतर हे आणखी महत्त्वाचं. अनेक वृद्ध संध्याकाळी दूधपोळीवर राहतात, आणि हलकं खाणंच योग्य असं घरातले समजतात. त्यातून स्नायू गळतात, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. त्यांच्या ताटात वरण, उसळ, दही, चालत असेल तर अंडं किंवा मासे रोज असू द्या, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करवून घ्या.

या फराळाच्या दिवसांत सगळं घर एकत्र असेल. घरातल्या प्रत्येकाची कंबर मोजा, बारीक दिसणाऱ्याचीही. तिशी ओलांडलेल्यांची उपाशीपोटीची साखर तपासून घ्या. आणि शाळकरी मुलीचं हिमोग्लोबिन दिवाळीची सुट्टी संपायच्या आत बघून घ्या.