पुढून एक, मागून एक

लॉर्ड लिनलिथगो हे नाव आपल्याकडे आठवतं ते १९४२ मुळे. गवालिया टँकवर ‘चले जाव’ची हाक उठली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसात ठेवण्यात आलं, तेव्हा व्हाइसरॉय हेच होते. त्यांचा जन्म ज्या घरातला, ते होपटन हाउस स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पश्चिमेला, फोर्थच्या खाडीकाठी उभं आहे. मालकाबद्दलचा राग क्षणभर बाजूला ठेवून या घराला एक प्रदक्षिणा घालावी. कारण ते एक घर नाहीच. पाठीला पाठ लावून उभी असलेली ती दोन घरं आहेत.

मागचं घर आधीचं, १६९९ मध्ये सुरू झालेलं. धनी चार्ल्स होप तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. तो तान्हा असतानाच त्याचे वडील ‘ग्लॉस्टर’ या जहाजाबरोबर समुद्रात बुडाले होते, त्यामुळे बांधकामाचा पुढाकार आई लेडी मार्गारेटचा. पैसा लेडहिल्सच्या शिशाच्या खाणींतला. आराखडा सर विल्यम ब्रूसचा. बुरूज आणि जाड भिंतींच्या गढीवजा घरांत राहणाऱ्या स्कॉटिश सरदारांना मोजूनमापून मांडलेल्या, डावं-उजवं तंतोतंत जुळणाऱ्या घराची गोडी ज्यांनी लावली, त्यांत ब्रूस पहिला. त्याची ही बाजू शांत, आटोपशीर आहे. आत मात्र त्याने आठकोनी जिना घातला आणि त्याच्या लाकडी फलकांच्या कडांवर अलेक्झांडर आयझॅटने फुलं, फळं, गव्हाच्या ओंब्या, चक्क मटारच्या शेंगासुद्धा कोरल्या! खानदानी दिमाखात ही शेतातली भाजी कशी शिरली असेल, याचं मला फार कुतूहल वाटतं.

चार्ल्स १७०३ मध्ये अर्ल झाला. नव्या मानमरातबाला जुनं घर पुरेना. १७२१ मध्ये त्याने विल्यम ॲडमला बोलावलं. हा गवंड्याचा मुलगा, कंत्राटदार, गिरण्या आणि कोळशाच्या खाणी चालवणारा, भारी खटपट्या माणूस. त्याने ब्रूसच्या घराची पूर्वेकडची बाजू नव्या दर्शनी भागामागे झाकून टाकली. भिंतीत अर्धे रुतल्यासारखे दिसणारे, मजले ओलांडून जाणारे उंच चपटे खांब, वर कठडा, कठड्यावर दगडी कलश. दोन्ही बाजूंनी खांबांच्या ओळी कमानीसारख्या वळत जातात आणि घुमटीच्या मनोऱ्यांच्या दोन जुळ्या इमारतींना भिडतात. समोर उभं राहिलं की घर दोन्ही हात पसरून आपल्याला कवेत घेतंय असं वाटतं. गंमत म्हणजे हे जुळेपण बाहेरच्यापुरतंच: एकीत घोड्यांचे तबेले, तर दुसरीत ग्रंथालयाचा बेत, जी शेवटी नाचाचा हॉल झाली.

काम इतकं रेंगाळलं की १७४८ मध्ये ॲडम वारला तरी ते संपलेलं नव्हतं. पुढची सूत्रं मुलांकडे, जॉन आणि रॉबर्टकडे आली. आतल्या दालनांत त्यांनी हात सैल सोडला. लाल दिवाणखान्याच्या छतावर गिलाव्यातल्या वेली सोनेरी मुलाम्यात अशा वळवळतात, की बाहेरची काटेकोर शिस्त त्यांच्या गावीही नाही. शेजारच्या पिवळ्या दिवाणखान्यात १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जने चित्रकार हेन्री रेबर्नला ‘सर’ केलं. खुद्द रॉबर्टलाही हे घराणं फळलं. १७५४ मध्ये तो तेव्हाच्या अर्लच्या भावाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघाला, रोममध्ये जुने अवशेष मोजत राहिला आणि परतल्यावर ब्रिटनभर ‘ॲडम शैली’ गाजली.

दर्शनी बाजूला मात्र मुलांनी हात आखडता घेतला. बापाने दारापुढे खांबांचा भव्य मंडप योजला होता. त्याच्या आराखड्यांच्या ‘विट्रुवियस स्कॉटिकस’ या ग्रंथात तो रेखाटलेलाही आहे. मुलांनी तो गाळला. माझ्या मते बरंच केलं. आधीच एवढ्या थाटाच्या दर्शनी भागापुढे आणखी एक मंडप आला असता, तर दार नक्की कुठे आहे तेच पाहुण्याला शोधावं लागलं असतं.