टर्बोच्या पाईपात ऑइल दिसलं म्हणजे टर्बो गेलाच असं नाही

आजचा मेसेज पिकाचा नाही, पिकअपचा आहे. टोमॅटोचा हंगाम चालू आहे आणि पंधरा दिवसांत तिघा सभासदांनी एकच तक्रार सांगितली. गाडी चढाला दम देत नाही, काळा धूर सोडते, गॅरेजवाल्याने पाईप काढून आतलं ऑइल दाखवलं आणि म्हणाला, टर्बो बदला. मी शेतीची पदविका केलेला माणूस, मेकॅनिक नाही. पण कंपनीची पिकअप माझ्याकडे असते आणि हा खर्च मी एकदा फुकट करून बसलोय, म्हणून लिहितो.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर दोन पंखे. एक पंखा इंजिनाच्या गरम धुराने फिरतो, दुसरा त्याच्या जोरावर हवा दाबून इंजिनात भरतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात आणि दांडा तरंगतो तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. शिवाय इंजिनाच्या पोटातली वाफ ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या तोंडाशीच सोडलेली असते. त्या वाफेतलं ऑइल पाईपात आणि इंटरकूलरमध्ये बसतं. म्हणून पाईपात बोट फिरवल्यावर ओशट लागलं तर घाबरू नका, ते चालतं. पाईप तिरका केल्यावर ऑइल ओघळत असेल तर मात्र कारण शोधायलाच पाहिजे.

आमचं काय झालं ते सांगतो. 70 क्रेट भरून नारायणगावला निघालो, तर चंदनापुरी घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. गॅरेजमध्ये टर्बो दुरुस्त करून बसवला, 20 हजारांच्या वर गेले. महिनाभरात पुन्हा तेच. दुसऱ्या मिस्त्रीने इंटरकूलरखालचा रबरी होज काढला. खालच्या बाजूने चिरलेला! उभ्या गाडीत चीर मिटलेली, लोडवर उघडायची आणि दाबलेली हवा बाहेर जायची. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. वर एअर फिल्टर धुळीने गच्च.

ठिबकचं प्रेशर कमी झालं तर आपण मोटर बदलतो का? आधी फिल्टर बघतो, मग लाईन चालून गळती शोधतो. इथंही तसंच करा.

आधी एअर फिल्टर काढा. तो तुंबला की टर्बो जोरात ओढतो, आणि हवा मिळत नाही म्हणून सीलमधून ऑइलही ओढून घेतो. म्हणजे दम कमी आणि पाईपात ऑइल, दोन्ही तक्रारी एकाच फिल्टरने होऊ शकतात. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे सगळे होज आणि क्लॅम्प बघा, खालून हात घालून. गळतीच्या जागी ऑइलवर धूळ चिकटून काळा डाग पडतो, तीच खूण. चढाला फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर बहुतेक तिथंच आहे. उभ्या गाडीत रेस देऊन काही कळत नाही, टर्बोला लोड लागतो. टर्बोवरच्या डब्याकडे जाणारी बारीक नळीही बघा, उंदराने कुरतडली तरी बूस्ट बिघडू शकतो. इंजिनचा दिवा लागला असेल तर काहीही बदलण्याआधी स्कॅनर लावून घ्या.

होज चांगले आणि तरी ऑइल साचतंय, तर ऑइलची पट्टी बघा. वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तर तेच कारण असू शकतं. टर्बोतून ऑइल खाली परत येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. ती नळी वाकली किंवा काजळीने तुंबली की ऑइल सीलमधून बाहेर पडणारच, टर्बो नवा असला तरी. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून उघडा. थोडी वाफ येणारच. भकाभका धूर येत असेल तर रिंगा झिजल्यात किंवा ब्रीदर तुंबलाय. रिंगा गेल्या असतील तर टर्बो बदलून पैसे वाया जातील.

एवढं झाल्यावर टर्बोला हात लावा, इंजिन बंद आणि थंड असताना. दांडा बाजूला किंचित हलतो, तो ऑइलच्या थरासाठीच असतो. पण आत-बाहेर खटखट हलत असेल किंवा पंख्याची पाती घराला घासलेली असतील, तर टर्बो खरंच गेला. खर्च करा, पण परतीची नळी आणि इंटरकूलर साफ करूनच नवा बसवा.

*हे मात्र टाळू नका.* इंटरकूलरमध्ये ऑइलचं डबकं असताना गाडी लोडवर ताणली तर इंजिन तेच ऑइल पिऊन स्वतःच पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. असं झालं तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेच्या तोंडाला हात लावू नका.

घाट चढून आल्यावर लगेच चावी काढू नका, मिनिटभर इंजिन सुरू राहू द्या. गरम दांड्यावरचं ऑइल जळून काजळी होते ती तिथेच. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरलाही हेच, रोटाव्हेटरनंतर तर नक्कीच.

शंका असेल तर होजचा आणि धुराचा व्हिडिओ याच नंबरवर पाठवा, आमच्या मिस्त्रीला दाखवून कळवतो. टोमॅटोच्या करप्याचा मेसेज उद्या सकाळी येईल.