नेट चालू, पण बिल निघत नाही? कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी ही तपासणी करा



काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे. वायफाय फुल्ल दिसतंय, यूट्यूबही चालतंय, पण बिलिंगचं सॉफ्टवेअर नुसतं गोल फिरतंय. मोबाईलचा हॉटस्पॉट जोडला की लगेच सुरू! मग आपण म्हणतो, "कॉम्प्युटर जुना झालाय." मीही तेच म्हटलं होतं. विंडोज नव्याने टाकून घेतलं, पैसे मोजले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. दोष कॉम्प्युटरचा नव्हताच, पत्त्याच्या रस्त्याचा होता.

हा पत्ता म्हणजे काय?

इंटरनेटवर माहिती पोचायला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, साधारण ४२९ कोटी पत्ते होतात. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. पत्ते संपणार हे आधीच ओळखून नवी पद्धत आखली गेली होती, आयपीव्ही६. तिच्यात पत्ते संपायची काळजीच नाही. सध्या दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालतात. एका दुकानाला दोन दरवाजे, असं समजा.

विंडोजमध्ये व्हिस्टापासून नवा दरवाजा आपोआप उघडा असतो. मॅक आणि उबुंटूमध्येही तसंच. दोन्ही दरवाजे दिसले, तर कॉम्प्युटर सहसा आधी नव्याकडे जातो. गडबड होते ती इथे: राउटर नवा पत्ता देतो, पण पुढे रस्ताच तुटलेला असतो.

ब्राउझर हुशार असतो. नव्या रस्त्याने उत्तर आलं नाही, तर सेकंदभराच्या आत तो जुन्या रस्त्यानेही प्रयत्न करतो. या युक्तीचं नाव 'हॅपी आयबॉल्स'. पण सगळीच सॉफ्टवेअर असं करत नाहीत. काही बंद दारासमोरच ताटकळत बसतात. म्हणून यूट्यूब चालतं आणि बिल अडतं.

पाच मिनिटांची तपासणी

१. विंडोजमध्ये 'सीएमडी' उघडा, 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. आयपीव्ही६ चा पत्ता २ ने सुरू होत असेल, तर तो बाहेरच्या जगाचा. एफई८० ने सुरू होणारा फक्त दुकानातल्या दुकानात चालतो, तो असतोच. आयपीव्ही४ चा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. आधी केबल आणि राउटर बघा.

२. २ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर 'पिंग -६ गूगल.कॉम' टाइप करा. मग ६ च्या जागी ४ घालून पुन्हा.

३. ४ ला उत्तर आलं, ६ ला नाही? मग नवा रस्ता तुटलाय. दोन्हींना उत्तर आलं, तर दुखणं दुसरीकडे आहे, सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा.

आणखी खात्री हवी? नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही६ समोरची टिक काढा आणि बिल काढून बघा. लगेच निघालं, तर पुरावा हातात आला. पण टिक कायमची काढून ठेवू नका. विंडोजचे काही भाग या पद्धतीवर अवलंबून असतात, ती बंद करू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. धंदा अडत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तसंच चालवा, पण राउटरवर चिठ्ठी चिकटवा: 'टिक परत लावायची आहे.'

तक्रार कशी करायची?

"नेट स्लो आहे" म्हटलं की समोरून उत्तर ठरलेलं: "राउटर बंद करून चालू करा." त्याऐवजी हे सांगा: "तुमच्या लाईनवर आयपीव्ही६ पत्ता मिळतोय, पण पिंग जात नाही. आयपीव्ही४ वर जातंय. माझ्याकडे फोटो आहेत." असं नेमकं बोललात की तक्रार योग्य माणसाकडे जायची शक्यता वाढते.

आजचा गृहपाठ: नेट व्यवस्थित चालू असतानाच ही तपासणी करा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. ज्या दिवशी अडेल, त्या दिवशी ताडून बघता येईल. गिऱ्हाईक समोर उभं असताना शिकायला वेळ नसतो!