गोचीड गेली, दुखणे राहिले

आईच्या सोबतीसाठी मी सध्या काही महिने सावंतवाडीत आले आहे. शेजारपाजारच्या बायका भेटायला येतात. चहा होतो, इकडचे तिकडचे बोलणे होते आणि मग हळूच प्रश्न येतो, "ताई, तुमका नेमका काय झाला?" मी सांगते, गोचीड चावली. परवा त्यावर एक मावशी हसूच लागल्या. म्हणाल्या, "गोचीड चावली म्हणान येवढा सगळा होता?"

होते, मावशी. आणि गोचिडीपासून आजार येतो हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली तेव्हा काजूच्या बागेत जायला माणसे घाबरत होती. पण माझा आजार तो नव्हे. माकडताप विषाणूचा, माझा जिवाणूचा. त्याचे नाव लाइम. तो मला इथे नव्हे, अमेरिकेत कनेटिकट राज्यात झाला. लग्नानंतर मी तिकडे गेले आणि पुढे एका शाळेच्या ग्रंथालयात काम करीत होते.

लाइम हे त्याच राज्यातल्या एका गावाचे नाव. कनेटिकट नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. १९७०च्या दशकात तिथल्या मुलांचे गुडघे सुजू लागले. मुलांचा संधिवात म्हणून डॉक्टर औषध देत आणि घरी पाठवीत. पॉली मरे नावाच्या एका गृहिणीला मात्र ते पटले नाही. आपल्या घरातली आणि शेजारची दुखणी ती लिहून ठेवू लागली व १९७५ साली तिने आरोग्य खात्याचे दार ठोठावले. येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास केला तेव्हा आसपासच्या वस्तीत ५१ रुग्ण निघाले. त्यांतली ३९ मुले होती. पुढे १९८१ साली विली बर्गडॉर्फर ह्या शास्त्रज्ञाला गोचिडीच्या पोटात नागमोडी जिवाणू दिसला आणि आजाराचे कारण सापडले. आपल्याकडच्या लेप्टोचा जंतू ह्याच नागमोडी कुळातला. त्या बाईच्या वहीची मला नेहमी आठवण येते, कारण पुढे मलाही वहीचाच आधार झाला.

आता माझी हकीकत. २०१४ सालचा जून महिना. परसात मेथी पेरायची म्हणून मी दोन दिवस पालापाचोळा काढत बसले होते. ह्या गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते. गुरांच्या अंगावरची टपोरी गोचीड पाहिलेल्या माणसाला ते दिसले तरी ओळखू यायचे नाही. मला तर दिसलेच नाही. आठवड्याभराने गुडघ्याच्या मागे तळहाताएवढा डाग उठला. यजमान म्हणाले, कोळी चावला असेल. तिकडच्या दवाखान्यांत लाइमचे चित्र लावलेले असते. गोऱ्या पाठीवर लालभडक चक्र, मधे पांढरे. माझ्या गव्हाळ कातडीवर तसे काही नव्हते, नुसता जांभळट डाग होता. तो गेला, मी विसरले. सावळ्या कातडीच्या माणसांत हा डाग ओळखू येत नाही म्हणून निदानाला उशीर होतो, हे मला फार उशिरा कळले. डाग दिसताच दहा ते चौदा दिवस डॉक्सिसायक्लिन घेतली असती तर बहुधा हा लेख लिहावा लागला नसता. लेप्टोच्या दिवसांत आपल्या भातशेतकऱ्यांना देतात तीच ही साधी गोळी.

सप्टेंबरात उजवा गुडघा शहाळ्यासारखा सुजला. रक्ताच्या दोन पायऱ्यांच्या तपासणीत लाइम निघाला. २८ दिवस गोळ्या घेतल्या आणि दोन महिन्यांत गुडघा उतरला. डॉक्टर म्हणाले, बऱ्या झालात.

पण मी बरी नव्हते. सकाळी उठताना आदल्या दिवशी नांगरणी केल्यासारखे अंग दुखे. फोडणीत मोहरी टाकली की पुढे काय घालायचे ते आठवेना. ग्रंथालयात पुस्तके भलत्याच कपाटात जाऊ लागली. मुलीच्या शाळेत कार्यक्रमाला गेले आणि मध्येच गाडीत येऊन झोपले. तपासण्या पुन्हा केल्या, सगळे ठीक. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस आडवा! एका डॉक्टरांनी तर मुले मोठी झाली की बायकांना असे होतेच, असे सांगून गोष्ट संपवली. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती.

योग्य उपचार घेतलेल्या लाइमच्या रुग्णांपैकी शेकडा ५ ते १० जणांना सहा महिन्यांनंतरही थकवा, अंगदुखी, विसराळूपणा राहतो. हे सर्वमान्य आहे. वाद आहे तो पुढे. काही लोक ह्याला 'जुनाट लाइम' म्हणतात. त्यांच्या मते जंतू शरीरात लपून बसलेला असतो आणि महिनोन्‌महिने प्रतिजैविके दिली की तो मरतो. बहुतेक संसर्गतज्ज्ञ हे मानत नाहीत. मधल्या मध्ये माझ्यासारखी माणसे. ज्यांनी मला हाकलले ते शास्त्राच्या बाजूचे होते आणि ज्यांनी मला खुर्ची देऊन तासभर ऐकून घेतले ते दुसऱ्या बाजूचे. मी कुठे गेले असेन ते वाचकांनी ओळखले असेलच.

त्या खाजगी दवाखान्यात पहिल्याच भेटीत माझ्या डोळ्यांतून पाणी आले, कारण कुणीतरी मला खरे मानले होते. तिथे पुन्हा रक्त तपासले. प्रतिपिंडे अजून सापडतात, म्हणजे जंतू जिवंत आहे, असे सांगितले. ही गोष्ट चुकीची होती. प्रतिपिंडे आजार गेल्यावरही कित्येक वर्षे रक्तात राहतात. त्या तपासणीवरून बरे झालो की नाही हे ठरत नाही. पण हे सांगणारे तेव्हा कुणी नव्हते. दंडातून थेट हृदयाजवळच्या शिरेपर्यंत नळी बसवली आणि सेफ्ट्रिॲक्सोनचे औषध रोज सलाईनसारखे सुरू झाले. विमा कंपनीने पैसे नाकारले. आम्ही मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली पुंजी काढली. डॉक्टरांनी असे लांबलचक उपचार देणे तिथे बेकायदा नाही. उलट त्यांना कारवाईपासून संरक्षण देणारा कायदाच त्या राज्याने २००९ साली केला आहे. औषध चालते की नाही हे विधानसभेने ठरवावे, हे मला आजही चमत्कारिक वाटते.

पहिले तीन आठवडे मला बरे वाटले. खरोखर वाटले, खोटे कशाला सांगू? सातव्या आठवड्यात एका रात्री हुडहुडी भरली. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. नळीतून जंतू रक्तात गेले होते. सहा दिवस रुग्णालयात काढले, त्यातले दोन अतिदक्षता विभागात. मुलीला आत येऊ देत नव्हते. ती काचेपलीकडून हात हलवीत होती आणि माझ्या मनात एकच आले: हे मी पैसे देऊन ओढवून घेतले.

अशी मी एकटीच नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ साली जुनाट लाइमच्या नावाखाली झालेल्या उपचारांतून गंभीर संसर्ग झालेल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत मृत्यूही आहेत.

नळी काढली त्या दिवशी संसर्गविभागाच्या एक प्रौढ डॉक्टर बाई माझ्या खाटेवर येऊन बसल्या. त्यांनी पहिले वाक्य बोलल्या ते असे: तुमचा त्रास खरा आहे. हे वाक्य मला वर्षभरापूर्वी ऐकायला मिळाले असते तर! मग त्यांनी मला अभ्यास समजावून सांगितले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत माझ्यासारख्याच रुग्णांना एक महिना शिरेतून औषध व पुढे दोन महिने गोळ्या दिल्या; काहींना फक्त खोटे औषध दिले. रक्तात प्रतिपिंडे असलेल्यांपैकी खरे औषध घेतलेल्या शंभरातल्या ३७ जणांना बरे वाटले. खोटे औषध घेतलेल्यांतल्या ४० जणांनाही वाटले! पुढे २०१६ साली नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन आठवड्यांच्या औषधानंतर आणखी बारा आठवडे प्रतिजैविके दिली, तरी काही जादा उपयोग दिसला नाही. माझे ते तीन बरे आठवडे कुठून आले असतील ते मला तेव्हा समजले.

मग दुखणे राहते कशाने? पूर्ण उत्तर अजून कुणाजवळ नाही. २०१९ साली संशोधकांना लाइमने सुजलेल्या सांध्यांच्या पाण्यात जिवाणूच्या कवचाचे तुकडे सापडले. जेवणावळ उठली तरी पत्रावळी अंगणात पडून असाव्यात तसे, जंतू मेल्यावरही तुकडे राहतात आणि शरीर त्यांच्याशी भांडत बसते. निदान सांध्यांपुरते तरी. हे मला समजायला सोपे गेले, कारण माझ्या दादाला २००६च्या साथीत चिकुनगुन्या झाला होता. ताप चार दिवसांत गेला, पण तो आठ महिने जिना धरून चढत होता. त्याला कुणी आठ महिने सलाईन लावले नाही.

त्या डॉक्टर बाईंनी नवे औषध दिले नाही, दुसरी कारणे शोधली. ब-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले (आमचे घर शाकाहारी, आणि हे आजवर कुणी पाहिलेच नव्हते). झोपेत श्वास अडकतो असेही निघाले. दोन्हींवर इलाज झाला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी वही घालायला लावली: किती चालले, किती वेळ उभी राहिले, दुसऱ्या दिवशी कसे वाटले. वहीवरून कळले की बरे वाटले की मी घर धुऊन काढायची आणि मग तीन दिवस आडवी पडायची. आता बरे असेन त्या दिवशीही अर्धेच काम करते. हे शिकायला मला दोन वर्षे लागली आणि अजून चुकते. मधल्या काळात मी वनस्पतींचे थेंब घेतले, प्राणवायूच्या बंद पेटीत बसले, आईच्या आग्रहाने इथे येऊन तेलाचा अभ्यंगही केला. अभ्यंगाने झोप छान लागे. बाकीच्यांनी फक्त खिसा हलका झाला.

इथल्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगते. आपल्याकडे गुडघा सुजला म्हणून लाइमच्या तपासणीमागे धावू नका; डॉक्टरांना दाखवा, आधी नेहमीची कारणे पाहू द्या. आणि गोचीड अंगाला चिकटलेली सापडली तर तिच्यावर रॉकेल, तंबाखू, चुना किंवा पेटती उदबत्ती लावू नका. बारीक चिमट्याने कातडीला लागून धरावी, न पिरगाळता सरळ ओढून काढावी, जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगावी. लाइमची गोचीड साधारण दिवसभराहून अधिक चिकटून राहिली तरच जंतू सोडते, त्यामुळे तिकडे आम्ही बागेतून आल्यावर अंग तपासून आंघोळ करतो. रानातून आल्यावर अंग तपासण्याची सवय इथेही चांगली, माकडतापासाठी तर नक्कीच.

मोती तलावाला पूर्ण फेरी मारणे मला अजून जमत नाही. संध्याकाळी अर्धी फेरी मारते, कठड्यावर दहा मिनिटे बसते आणि आल्या वाटेने परत जाते. काल मुलगी फोनवर विचारत होती, आज किती? मी वही उघडून सांगितले, अठराशे पावले. गेल्या आठवड्यात चौदाशे होती.