खूण नसलेली विकरे

"सर, कुठले प्रथिन कुठे जायचे, हे ठरवते कोण?" दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलीने विचारले. पुस्तकात एकच ओळ आहे : गॉल्जी संकुल म्हणजे पेशीचा बांधणी विभाग. मीही ती ओळ घोकूनच पदवीधर झालो. घरात पुस्तक आणणारा मी पहिलाच; विचारणार कुणाला?

१८९८ साली इटलीच्या कॅमिलो गॉल्जीला, चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या घुबडाच्या मेंदूपेशींत एक जाळे दिसले. ते खरे की रंगाचा डाग, हा वाद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे चालला. भाकरींच्या चवडीसारख्या, एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या, असे त्याचे रूप.

अंतर्द्रव्यजालिकेत तयार झालेली प्रथिने चवडीच्या एका बाजूने शिरतात. त्यांच्यावर चढलेली साखरेच्या रेणूंची साखळी इथली विकरे छाटतात, नवी कडी जोडतात. (रक्तगट ए की बी, हा फरकसुद्धा शेवटच्या एका साखरेचा. ती जोडणारे विकर गॉल्जीतच असते.)

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर लयकारिकेत आहे. लयकारिका म्हणजे पेशीतला केरकचरा पचवणारी पिशवी. तिच्या विकरांना गॉल्जीच्या सुरुवातीच्या पिशव्यांत, मॅनोज साखरेवर, फॉस्फेटची खूण लागते. खूण लावणारे विकर कुणाचा हुकूम पाळत नाही. समोरच्या प्रथिनाच्या घडीचा आकार चाचपते. पलीकडच्या टोकाला ग्राही रेणू ती खूण धरतात, माल वाटेला लावतात. पुढे आम्लता वाढली की पकड सुटते. ग्राही माघारी येतो.

खूण लावणारे विकरच जन्मतः निकामी असेल तर? आय-सेल या दुर्मिळ आजारात हेच घडते. पचवणारी विकरे बनतात, पण खूण नाही म्हणून पेशीबाहेर पडतात. रक्तात त्यांचा सुकाळ आणि आत लयकारिका कचऱ्याने फुगलेल्या! मुलाची वाढ खुंटते, सांधे आखडतात. बहुतेक मुले बालपणीच दगावतात.

परीक्षेत हे येत नाही. तरी तास संपल्यावर ती मुलगी थांबली. "मग खूण लावलेले विकर बाहेरून दिले तर?"

फॅब्री नावाच्या दुसऱ्या आजारात तेच करतात, मी म्हणालो. पेशीच्या बाहेरच्या अंगालाही हे ग्राही असतात. शिरेतून दिलेले विकर ते आत ओढतात. पण फॅब्रीत उणे असते एकच विकर. आय-सेलमध्ये डझनावारी वाट चुकलेली असतात.