छातीतला उपसा

बिलोलीच्या शेजारी, धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं त्याचं वेळापत्रक ठरलंय: १ जुलैला दारं वर, २९ ऑक्टोबरला खाली. असाच एक बंधारा तुमच्या हृदयाच्या प्रत्येक स्नायूपेशीत आहे. त्याची दारं मात्र मिनिटाला सत्तरेक वेळा उघडतात, आणि अडवलेलं असतं कॅल्शियम.

दार उघडलं की कॅल्शियम उताराला लागतं, स्नायू आवळतो, ठोका पडतो. कॅल्शियमपुरता इथवर फुकटचा कारभार! खरी मेहनत पुढं. सांडलेलं कॅल्शियम परत साठ्यात चढवायचं, आणि साठ्यात ते बाहेरच्यापेक्षा हजारो पट दाट. हा उपसा करणाऱ्या प्रथिनाचं नाव सर्का. म्हणजे हृदयाला सैल पडायलाही इंधन लागतं. आराम फुकट मिळत नाही तो असा.

सर्का म्हणजे जवळपास हजार अमिनो आम्लांची माळ. साठ्याच्या पडद्यातून ती दहा वेळा आरपार जाते, आणि त्या दहा खांबांच्या मध्ये कॅल्शियमचे दोनच कण बसतात. पडद्याबाहेर तीन डोकी. एक एटीपी हे इंधन पकडतं, दुसरं त्यातला फॉस्फेट स्वतःवर चढवून घेतं, तिसरं साधारण पाव गिरकी मारतं. त्या हिसक्यानं खालचे खांब सरकतात आणि कॅल्शियम साठ्यात पडतं. आतलं दार उघडण्याआधी बाहेरचं बंद झालेलं असतं. दोन्ही एकदम उघडली तर सगळा उपसा वाया. शेतातल्या मोटारीला लाईट, तसा याला एटीपी: एका एटीपीत दोन कण. परतताना हा पंप साठ्यातले हायड्रोजन आयन बाहेर आणतो. टेम्पो रिकामा परत आणू नये, हे पेशीलाही कळतं!

ही गिरकी कळली कशी? तोक्योच्या चिकाशी तोयोशिमांनी २००० साली सशाच्या स्नायूतल्या सर्काचं कॅल्शियम धरून बसलेलं रूप टिपलं. २००२ साली थॅप्सिगार्गिन या वनस्पतीजन्य विषानं पंप जखडून कॅल्शियम नसतानाचं दुसरं. दोन्ही शेजारी ठेवली, तर डोकी कुठल्या कुठं गेलेली!

पंपाला ब्रेकही आहे: फॉस्फोलॅम्बन, अवघ्या ५२ अमिनो आम्लांचं. बांधावर पायाजवळून साप सळसळला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ब्रेकवर फॉस्फेट चिकटतो आणि तो ढिला पडतो. उपसा वाढतो, हृदय चटकन सैल होतं, म्हणूनच तर पुढचा ठोका लवकर मारता येतो.

आणि या सगळ्याची सुरुवात नळाच्या पाण्यातून. लंडनच्या सिडनी रिंगरनं बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवलं होतं. नंतर कळलं, द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं. शुद्ध पाणी घेतलं, तर हृदय थंडावलं. नळातलं कॅल्शियम ही त्यातली मेख, असं त्यानं १८८३ मध्ये लिहिलं. दवाखान्यात टांगलेल्या ‘रिंगर लॅक्टेट’ सलाईनमधला रिंगर तो हाच, आणि त्या बाटलीत कॅल्शियम आजही असतं.