संध्याकाळी सातनंतरची बाग

वस्तीतल्या छोट्या बागेत दिवसभर पाळ्या चाललेल्या असतात. पहाटे फेऱ्या मारणारे आजी-आजोबा, भाजी घेऊन परतताना दोन मिनिटं टेकणाऱ्या बायका, भर दुपारी सावलीत डुलकी काढणारे डिलिव्हरीवाले, चार वाजल्यापासून घसरगुंडीवर तुटून पडलेली पोरं. दिवेलागण झाली की शेवटची पाळी सुरू होते. कोपऱ्यातल्या बाकावर तिघं-चौघं येऊन बसतात. काळ्या पिशवीतून क्वार्टर निघते, मग प्लास्टिकचे ग्लास, पाण्याची बाटली, कागदावर पसरलेला चकणा. ते कोणाला काही बोलतातच असं नाही, पुष्कळदा आपल्यातच असतात. तरी झोपाळ्यावरची मुलं उचलली जातात, फेऱ्या मारणाऱ्या बायका तो कोपरा टाळू लागतात आणि थोड्या दिवसांनी त्या वेळेला यायचंच सोडून देतात. पोलिसांच्या दप्तरी कसलीही नोंद होत नाही, पण संध्याकाळची बाग हातची गेलेली असते.

ती परत मिळवायला हवी आणि वस्तीतली बाग दारूमुक्तच असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी सरसकट दारूबंदीचा पुरस्कार करावा लागत नाही. घरी किंवा परमिट रूममध्ये कोणी काय प्यावं, हा वेगळा वाद आहे. बाग मात्र मुळातच थोडी आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असं सांगितलं आहे. मुंबईत त्याच्या पावपटही जागा माणसाच्या वाट्याला येत नाही. एवढ्याशा तुकड्यातला एक बाक बाटलीकडे गेला, तर त्याच्या आजूबाजूचे आणखी चार बाक आपोआप रिकामे होतात.

मग बंदी घाला, असं कोणीही म्हणेल. पण बंदी आहेच. ‘मद्यपान करण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी बहुतेक बागांच्या फाटकावर रंगवलेली असते आणि तिच्यामागे भक्कम कायदाही उभा आहे. मोरारजी देसाईंच्या काळात आलेला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने चालू आहे. या कायद्यानुसार राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. देशी-विदेशीचे एक दिवसाचे परवाने, वर्षाचा, आयुष्यभराचा, असे त्याचे प्रकार आहेत. बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, कडक मद्यासाठी २५. परवाना हातात असला तरी सार्वजनिक जागी पिण्याची मुभा त्यात नाही. दारूच्या अमलाखाली सार्वजनिक जागी बेताल वागणाऱ्यासाठी कलम ८५ आहे, त्यात तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे.

एवढा कायदा असून बाक रिकामा का होत नाही? माझ्या मते कायद्याच्या जडपणातच याचं उत्तर आहे. माणूस दारू प्यायला होता हे कोर्टात सिद्ध करायचं, तर त्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं, रक्ताचा नमुना घ्यावा लागतो, तो प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल आढळलं, तर पुढचा खुलासा करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. शिवाय पंचनामा हवा, पंच हवेत, मग तारखा. रात्रपाळीच्या दोन शिपायांनी एका बाकावरच्या चौघांसाठी हे सगळं करायचं ठरवलं, तर त्यांची अख्खी रात्र रुग्णालयात जाईल. म्हणून ते काठी आपटतात, चौघांना हुसकावतात आणि गाडी पुढे जाते. अर्ध्या तासाने चौघं परत येतात. तुरुंगाची भीती दाखवणारा कायदा वापरायलाच अवघड असेल, तर त्याचा धाक उरत नाही, हे बाकावरच्या मंडळींना पाटी रंगवणाऱ्यापेक्षा चांगलं कळतं.

इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहराने १९८८ मध्ये यातून एक वाट काढली. शहराच्या मध्यभागी उघड्यावर पिण्याविरुद्ध तिथल्या नगरपालिकेने उपविधी केला, पण त्यात नुसतं पिणं हा गुन्हा ठरवला नाही. पोलिसाने ‘थांबवा’ असं सांगितल्यावरही पीत राहणं, हा गुन्हा. रक्ताची तपासणी नको, की कोण किती प्यायला याचा हिशेब नको. सांगितलं, ऐकलं, विषय मिटला. नाही ऐकलं, तर दंड. पुढे ब्रिटनच्या २००१ आणि २०१४ च्या कायद्यांनीही हाच गाभा ठेवला. नेमून दिलेल्या जागेत अधिकाऱ्याने सांगितल्यावर पिणं थांबवायचं किंवा बाटली त्याच्या हवाली करायची. कॉव्हेन्ट्रीच्या प्रयोगाचा तिथल्या गृहखात्याने अभ्यास करून घेतला होता. त्यातला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. मारामाऱ्यांच्या संख्येत मोठा फरक पडला नाही, पण अनोळखी माणसांकडून अपमान झाल्याच्या, त्रास झाल्याच्या तक्रारी कमी झाल्या. म्हणजे बंदीने गुन्हेगारी संपवली नाही, माणसांचा वावर सोपा केला. बागेकडून आपल्याला दुसरं काय हवं असतं?

सिंगापूरचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्यात आपल्याच देशातली माणसं गुंतलेली आहेत. ८ डिसेंबर २०१३ च्या रविवारी रात्री तिथल्या लिटल इंडिया भागात, रेस कोर्स रोडवर, खाजगी बसखाली सापडून ३३ वर्षांचा एक भारतीय बांधकाम मजूर मरण पावला. रविवार हा या कामगारांचा सुट्टीचा दिवस. हजारो जण तिथे जमत, गावाकडे पैसे पाठवत, मित्रांना भेटत, मोकळ्या जागेत बसून पीत. अपघातानंतर जमाव भडकला, पोलिसांच्या गाड्या उलथवल्या गेल्या, रुग्णवाहिका जळाली. चाळीसहून अधिक वर्षं सिंगापूरने अशी दंगल पाहिली नव्हती. चौकशी समितीने दारू हे दंगल चिघळण्यामागचं एक कारण मानलं. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला आणि १ एप्रिलपासून देशभरातल्या सार्वजनिक जागांत, बागांसकट, रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळात पिण्यास मनाई झाली. पहिल्या वेळी १००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड. लिटल इंडिया आणि गेलांग या दोन भागांत शनिवारी सकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत निर्बंध आणखी कडक.

या कायद्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे आणि एक टोचणारी. घेण्यासारखी आहे ती वेळेची नेमकी रेघ. ती पोलिसाला माहीत आहे, पिणाऱ्यालाही माहीत आहे, तिच्यावर वाद घालायला जागा नाही. टोचतं ते हे, की सर्वांत कडक नियम त्या दोन भागांतल्या शनिवार-रविवारला लागला आणि तो सर्वांत जास्त जाणवला तो डॉर्मिटरीत दाटीवाटीने राहणाऱ्या, भेटायला-बसायला दुसरी जागा नसलेल्या परदेशी मजुरांना. ज्याच्या घरात दिवाणखाना आहे त्याला बागबंदीची झळ लागत नाही.

हा आक्षेप आपल्याकडेही लागू आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. आपल्या बागेत येऊन बसणारा कोण असतो? एका खोलीत सहा-आठ जण राहणारा कामगार. घरच्यांपासून लपून पिणारा. वयाची २५ वर्षं पूर्ण न झालेला कॉलेजातला मुलगा. आणि परमिट रूमचं बिल न परवडणारा. महाराष्ट्रात परमिट रूममधल्या मद्यावरचा मूल्यवर्धित कर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला, त्याशिवाय बारवाल्याचा नफा वेगळा. तीच बाटली वाइन शॉपमधून छापील किमतीत मिळते. पण वाइन शॉपच्या परवान्यात तिथे बसून पिण्याची परवानगी नसते. बाटली हातात आली आणि बसायला जागा नाही, म्हटल्यावर पावलं वळतात ती जवळच्या फुटपाथकडे, बंद दुकानाच्या पायरीकडे, नाहीतर बागेकडे. बागेच्या आसपास वाइन शॉपला परवाना मिळतो, तेव्हाच त्या बाकाचं भवितव्य बरंचसं ठरलेलं असतं.

म्हणून बागेची लढाई दुकानाच्या परवान्यापाशी सुरू व्हायला हवी. महाराष्ट्रातल्या बायकांनी ती आधीच लढून दाखवली आहे. ‘आडवी बाटली’ हे चिन्ह घेऊन झालेल्या गुप्त मतदानांतून राज्यातल्या अनेक गावांनी आणि काही शहरी प्रभागांनी दारूची दुकानं बंद पाडली आहेत. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने विधानसभेत जाहीर केलं, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं मद्यविक्रीचं दुकान उघडायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. सोसायटीच्या गाळ्यांना जो मान मिळाला, तो सार्वजनिक बागेलाही मिळायला हवा. दुकानापासून शाळा आणि देवळाचं अंतर मोजायची पद्धत आहेच, तीच फूटपट्टी बागेच्या फाटकापर्यंत न्यावी.

नियमाची दुसरी बाजू दंडाची. गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणाऱ्याला २००० रुपये आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठेवला. वाळूत रुतलेल्या काचांनी पाय कापून घेतलेल्या माणसाला त्यामागचं कारण सांगावं लागत नाही. आपल्याकडे गडकिल्ल्यांवर पिणाऱ्यांसाठी २०२० मध्ये सरकारने शिक्षेचा स्पष्ट निर्णय काढला, तोही रास्तच. वस्तीतल्या बागेला गडाचं वलय नाही, पण काच तिथेही फुटते आणि अनवाणी पोरं तिथे रोज खेळतात. सकाळी ती काच वेचतो बागेचा माळी, बहुतेक वेळा कंत्राटी आणि अनेकदा हातमोज्यांशिवाय.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंडाची पावती जागेवर फाडता येते, रस्त्यावर थुंकणाऱ्यालाही. मग बागेत पिणाऱ्याला का नाही? अधिकार महापालिकेच्या उद्यान विभागाच्या माणसाकडे हवा, पोलीस फक्त पाठीशी हवा. आधी बाटली बंद करायला सांगायचं, नाही ऐकलं तर पावती. दंड थोडा असला तरी चालेल, पण तो आज, आत्ता, याच बाकावर बसला पाहिजे. आणि तो सर्वांना सारखा हवा. इंग्रजी पिणाऱ्या सोसायटीतल्या पोरांना समज आणि देशी पिणाऱ्या बिगाऱ्याला लाठी, अशी वाटणी झाली, तर ती बागबंदी उरणार नाही, तिचा जाच गरिबालाच होईल.

लॉकअपचा रस्ता तर शक्यतो टाळावाच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात डिसेंबर २०१७ मध्ये तान्या डे ही आदिवासी स्त्री रेल्वेत झोपली होती. ती दारू प्यायली आहे म्हणून तिला पोलीस कोठडीत नेण्यात आलं. तिथे ती पडली, डोक्याला मार लागला आणि पुढे तिचा मृत्यू झाला. कोठडीतल्या आदिवासींच्या मृत्यूंबाबत नेमलेल्या आयोगाने १९९१ मध्येच सार्वजनिक ठिकाणची नशा गुन्हा म्हणून ठेवू नका, असं सुचवलं होतं. व्हिक्टोरियाने ते अमलात आणलं नोव्हेंबर २०२३ मध्ये, तिच्या मुलांनी चिकाटीने लढल्यानंतर. बागेत पिणं थांबवणं आणि प्यायलेल्या माणसाला गजाआड टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाकावर शुद्ध हरपून पडलेला माणूस आजारी समजावा, त्याच्यासाठी १०८ ला फोन करावा.

आणि दिवे. पिणारे अंधारा कोपरा शोधतात, हे प्रत्येक माळ्याला ठाऊक असतं. बंद पडलेला दिव्याचा खांब महिनोनमहिने तसाच राहतो, मेंदीचं कुंपण डोक्याएवढं वाढतं, मागचं तुटलेलं फाटक तारेने बांधून ठेवलेलं असतं. या तीन गोष्टी दुरुस्त करायला कोणताही नवा कायदा लागत नाही. काही महापालिका यावर उपाय म्हणून बागच लवकर बंद करतात. मला तो उपाय मान्य नाही. नोकरी करून आठला घरी पोचणाऱ्या बाईला बागेत यायचं तर ते त्यानंतरच. बाग रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी, पूर्ण उजेडात, फाटकावर पगारी रखवालदार बसवून, आणि त्याच वेळात तिथे व्यायामाचे वर्ग, बुद्धिबळाचे पट, ज्येष्ठांचे कट्टे भरवावेत. प्रभागाच्या अंदाजपत्रकात बागेसाठी पैसे असतात, पण ते बहुतेक वेळा कारंजी आणि नामफलकांवर जातात. येत्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातल्या बागेसाठी संध्याकाळच्या रखवालदाराचा पगार धरला आहे का, हे नगरसेवकाला आणि प्रभाग कार्यालयाला लेखी विचारता येतं. उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करता येतो.